डाळ कोणाच्या हातची

१२ फेब्रुवारी २०१९

चि. सौ. पायल हिस,

आशीर्वाद. मोठी जाऊ धाकटीले पत्र लिहिते तं आशीर्वादापासून सुरू करते, म्हणून लिहिला. मनातून आला म्हणून नाही. तू मले फोनवर ब्लॉक करून ठेवलं. प्रफुल्लभाऊजींच्या फोनवर लावला तं ते "हाव वहिनी, हाव वहिनी" करते अन् ठेवून देते. मग म्हटलं, पोत्यातच कागद टाकू. पोतं तं तू उघडशीलच. डाळ विकायची हाय ना तुले.

तर ही यंदाची पहिली डाळ, तुमच्या वाट्याची. आपला गाडीवाला फुलसिंग पांढरकवड्याले जाऊन राह्यला, त्याच्या हातानं पाठवते. वावर एकच, तूर एकच, आईनं दोघा लेकायले ठरवून दिलं तसं अर्धं तुमचं, अर्धं आमचं. पण भरडायच्या आधी तुरीले पाणी चोळलं कोणी? मी. झाकून ठेवली, गच्चीवर वाळवली कोणी? मी. जात्यावर आई अन् मी समोरासमोर बसलो, अन् पाखडता पाखडता खांदे माझे भरून आले. हे सांगायचं कारण तुले समजलंच असन.

काल तुझा व्हिडिओ पाह्यला. दुसऱ्या नावानं खातं काढलं मी, त्यातून पाहते. हस, हस. "या बाप्पा, पाहा माझ्या हातची डाळ!" म्हणे. तुझ्या हातची? खरंच का वं, पायल? नऊवारी नेसून बसली होती तू. या घरात सात वर्षं नांदली, कधी नऊवारीत पाह्यलं नाही तुले. मागं चूल पेटवलेली, अन् चुलीच्या मागं गॅसच्या नळीचं टोक दिसून राह्यलं. जातं शेजारणीचं. अन् त्या जात्यात तू काय टाकलं होतं? मागच्या सालची, भरडलेलीच डाळ! भरडलेली डाळ परत जात्यात टाकून गरगर फिरवून राह्यली होती तू, अन् खाली लोक लिहिते, "ताई, किती खऱ्या आहात तुम्ही!" "शहरात असं अस्सल माणूस भेटत नाही!"

कोणाले समजलं नाही. मले समजलं.

माझं एकच मागणं हाय. पैसा नको, वाटा नको. एका व्हिडिओत एकदा सांग, की ही डाळ माझी मोठी जाऊ अर्पिताताई भरडते. एवढं एकच वाक्य. मग मी तुले कधी काही म्हणणार नाही.

भाऊजींच्या डोळ्याले थेंब वेळेवर टाकत जा.

तुझी,
अर्पिताताई

---

२७ फेब्रुवारी २०१९

पायल,

आशीर्वाद यावेळेस लिहीत नाही. तू उत्तर दिलं नाही, मीही राखून ठेवते.

आज दुपारी काय झालं सांगते. मी भांडे घासून आत आली, तं आई माझाच फोन हातात घेऊन खाटेवर बसलेली, अन् खदाखदा हसून राह्यली. पाहते तं तुझा व्हिडिओ. कोण्यातरी बाईनं लिहिलं होतं, तुमची डाळ शिजायले वेळ लागते. त्यावर तू म्हणली, "अवं माय, डाळीले घाई नाही, तुले हाय!" अन् आईच्या डोळ्यातून हसून हसून पाणी. मले म्हणते, "पायल बोलते तं घरात असल्यावाणी वाटते वं."

मी म्हटलं, आई, मी घरातच हाय ना!

त्यावर तिनं फोन देऊन टाकला अन् कुशीवर झाली. सांग बरं, कोणाले राग येणार नाही? तिच्या पायाले तेल मी चोळते, तिचा चहा बिनसाखरेचा मी करते, अन् घरात असल्यावाणी वाटते ती पायल, जी पांढरकवड्याले आपल्या भावाच्या ढाब्यामागं राहते! जळते मी. लिहूनच टाकते, जळते.

आता आपल्या डाळीच्या ऑनलाइन पानाचं सांगते. आपलं म्हणते, सवय गेली नाही. 'मैनाई घरगुती डाळ', नाव दोघींनी मिळून ठेवलं होतं आईच्या नावावरून. तू गेली तेव्हापासून पान मी एकटी पाहते. मी बी.कॉम. झालेली, व्यवहाराची भाषा कशी असते मले माहीत हाय. कोणी चांगलं लिहिलं तं मी लिहिते, "आपल्या अमूल्य अभिप्रायाबद्दल मनःपूर्वक आभार." कोणी वाईट लिहिलं तं, "आपली गैरसोय झाल्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत." एक शब्द इकडचा तिकडं नाही. अन् परवा एकानं काय लिहावं? "इथं माणूस आहे की मशीन?" अन् एक स्टार. डाळीबद्दल काही नाही, फक्त मी कशी बोलते याच्यावर एक स्टार!

तू तिकडं गिऱ्हाईकाले 'घाई तुले हाय' म्हणते, अन् लोक तुले पाच-पाच स्टार देते. मी तं सगळ्यांशी आदरानंच बोलते. मग काहून असं?

तुले वाटन, ताई आता त्या गोष्टीवर येणार. येते. तूही ती विसरली नसशील. मागच्या मार्चात एका बाईनं आपल्या पानावर विचारलं होतं, "यवतमाळची डाळ म्हणजे फवारणीची का? बातम्यांमध्ये विषबाधेचं पाहिलं." तू मले न विचारता तिले उत्तर लिहिलं. "हाव, फवारलेली हाय. कपाशीच्या ओळींमधून तुरीचं तास असते, कपाशीवर मारलं की तुरीवर उडतेच. माझा नवरा हेच मारता मारता दवाखान्यात पडला, त्याले डाव्या डोळ्यानं अजून धुरकट दिसते. डाळ धुऊन घ्या."

असं कोणी लिहिते का दुकानाच्या पाटीवर? नवीनच धंदा होता आपला. कपाशी अळीनं खाल्ली होती, घरात आशा होती ती त्या डाळीचीच. मी ते खोडलं अन् लिहिलं, "आमची सर्व उत्पादने संपूर्णतः नैसर्गिक व रसायनमुक्त आहेत." सकाळी तू पाह्यलं. भाऊजींची बॅग भरली अन् त्यायले घेऊन भावाकडं गेली.

मी धंद्यासाठी केलं, पायल. भाऊजींच्या जिवावर उठली नव्हती मी.

अर्पिताताई

---

११ मार्च २०१९

चि. पायल,

रिकामं पोतं परत आलं अन् त्यात तुझी चिठ्ठी. वर्षभरानंतर पहिल्यांदा तुझं अक्षर पाह्यलं.  उघडून पाहते तं काय, "ताई, डाळीत खडे येऊन राह्यले. गिऱ्हाईक बोलते. पायल."

बस? एवढंच?

घे मग उत्तर. 'आदरणीय ग्राहक, आपल्या अभिप्रायाबद्दल मनःपूर्वक आभार. आपली गैरसोय झाल्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' कसं लागलं? काहीच लागलं नाही ना? लिहितानाही काही लागत नाही, म्हणूनच तं सोपं जाते. आता खरं उत्तर ऐक. खडे असतील, कारण गच्चीचा कोबा उखडला हाय, अन् हे म्हणते पुढच्या वर्षी करू. अन् निवडायले पह्यले आपण दोघी होतो, आता मी एकटी. तुले खडे दिसले, मी दिसली नाही.

आता एक फजिती सांगते. दुसऱ्या कोणाले सांगता येत नाही, अन् तू तशीही हसणारच.

मी ठरवलं, आपणही मोकळं बोलावं. तिले जमते तं मले काहून नाही? माझं माहेर कळंबचं, मी काय पुण्याहून आली का? परवा एका बाईनं लिहिलं, पिशवी फाटकी आली. मी लिहिलं, "अवं माय, पिशवी फाटली तं फाटली, डाळ तं शाबूत हाय ना!" लिहिलं, स्वतःच वाचलं, हसली, खुश झाली. गॅसवर दूध ठेवलं होतं ते उतू गेलं तरी मले कळलं नाही.

संध्याकाळी पाहते तं खाली तिघीजणींनी लिहिलेलं. एक म्हणते, "पायलताईंची नक्कल करता का?" दुसरी म्हणते, "तुम्हाला शोभत नाही, तुमचं आपलं दिलगीर आहोत बरं होतं." तिसरीनं नुसते हसणारे तोंडं टाकले.

नक्कल! पायल, मले बोलता यायले लागलं तेव्हापासून मी असंच बोलते. माझी माय असंच बोलत होती. मले शाळेत बाईंनी सुधारलं, कॉलेजात सरांनी सुधारलं, इतकं सुधारलं की आता माझ्याच तोंडचं बोलणं तुझ्या मालकीचं झालं! तू बोलली तं अस्सल, मी बोलली तं नक्कल. मी ते उत्तर पुसून टाकलं. रडली पण. आईनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, कांदा.

माझ्या नावाचं काय ठरवलं ते लिहिलं नाही तू. खड्याबद्दल लिहायले वेळ होता.

अर्पिताताई

---

२८ मार्च २०१९

पायल,

तुझी चिठ्ठी भेटली. यावेळेस लांब लिहिलं, बरं वाटलं, मग वाचली अन् तळपायाची आग मस्तकात गेली. तुझंच वाक्य तुले परत लिहून पाठवते, पाह्य कसं दिसते. "ताई, मी तुमचं नाव घ्यायले कधीही तयार हाय. पण नाव घेतलं की लोक विचारतील, ताई कोण, कुठं असते, तिचं पान कोणतं. मग ते पान उघडतील. तिथं 'रसायनमुक्त' वाचतील, अन् म्हणतील एकच डाळ, एक जाऊ म्हणते फवारलेली, दुसरी म्हणते बिनफवारलेली. मग मले सांगावं लागन की तुम्ही माझं लिहिलेलं खोडलं. ते सांगू का? तुम्ही म्हणाल तं सांगते."

मोठी आली सत्यवादी! अन् शेजारणीच्या जात्यात भरडलेली डाळ फिरवते ते? ते खरं हाय? नऊवारी खरी हाय? तू फवाऱ्याचं खरं बोलते अन् हाताचं खोटं बोलते. मी हाताचं खरं करते अन् फवाऱ्याचं खोटं बोलते. मग तू माझ्यापेक्षा वर कशी झाली, हे मले समजावून सांग. लोकायले तं तूच वर वाटते.

अन् आता हे ऐक. नागपूरच्या एका मोठ्या दुकानदाराचा फोन आला होता. त्याच्या सगळ्या दुकानात 'मैनाई' डाळ ठेवतो म्हणते, वर्षभर. पानावर 'रसायनमुक्त' लिहिलं हाय ते त्याले आवडलं, तेच पाकिटावर छापायचं, अन् मी तसं लिहून द्यायचं. मी हुरळली. सगळ्या घरात सांगत सुटली. संध्याकाळी फुलसिंग आला, तं बोलता बोलता म्हणते, तो माणूस आधी पांढरकवड्याले पायलताईकडं गेलता, तिनं नाही म्हणून सांगतलं.

म्हणजे तू टाकलेलं मले भेटून राह्यलं! ताटातलं उष्टं. मी त्या क्षणी ठरवलं, आता तं हो म्हणणारच. तू नाही म्हटलं म्हणूनच हो म्हणणार. दुसऱ्या दिवशी त्याले हो कळवलं. लिहून द्यायचा कागद तेवढा यायचा हाय.

हे खुश हायेत. गच्चीचा कोबा करू म्हणते. आई खुश नाही, तिनं फक्त विचारलं, "प्रफुल्लले सांगतलं का?" मी म्हटलं, त्याचा काय संबंध. त्यावर ती उठून जात्याजवळ जाऊन बसली, अन् त्या दिवशी तिनं माझ्यासमोर बसून भरडलं नाही. एकटीच भरडत राह्यली.

डाळ पाठवते. खडे निवडले हायेत. दोनदा.

अर्पिताताई

---

१७ एप्रिल २०१९

प्रिय पायल,

प्रिय लिहिलं, मग वाटलं खोडावं. पण खोडून खोडून काय होते ते पाह्यलं आपण, म्हणून राहू देते.

नागपूरचा कागद आला. सही करायले पेन शोधत होती, तेवढ्यात फोन वाजला. पानावर कोणीतरी प्रश्न विचारलेला. नाशिकची एक पोरगी. लिहिते, "ताई, माझ्या बाळाचं उष्टावण आहे, पहिला घास वरणभाताचा देणार. तुमच्या पानावर रसायनमुक्त लिहिलं आहे, पण तुम्ही यवतमाळच्या, म्हणून भीती वाटते. खरं सांगा, फवारलेली नाही ना?"

मी सवयीनं लिहायले लागली. "आपल्या विचारणेबद्दल मनःपूर्वक आभार, आमची सर्व उत्पादने..." अन् तिथं माझा हात थांबला. बाळाच्या तोंडात जाणारा पहिला घास. तिथं 'उत्पादने' कसं लिहू वं? मले ते जमलंच नाही. भाऊजी आठवले. दवाखान्यातून आणले तेव्हा चहाचा कप समोर असून चाचपडत होते, अन् तू कप त्यांच्या हातात न देता हात कपापर्यंत नेत होती. मले तेव्हाही तुझा हेवा वाटला होता, इतकी वाईट हाय मी. माझा नवरा आजारी पडला तं मले असं जमन का, असं वाटलं होतं.

मग मी ते पुसलं अन् जे लिहिलं ते तसंच खाली उतरवते. तू पाह्यलं असन, तरीही.

"पोरी, खरं सांगते. डाळ फवारलेली हाय. आमच्याकडं कपाशीत तुरीचं तास असते. कपाशीवर अळी पडली की मारावंच लागते, अन् ते तुरीवर उडते. शेंगा भरल्यावर आम्ही मारत नाही, पण मारलंच नाही असं म्हणणार नाही. पानावर रसायनमुक्त लिहिलं ते मी लिहिलं, ते खोटं हाय, आज काढते. माझ्या दिराले फवारताना विष चढलं, त्याचा एक डोळा अधू झाला. हे माझ्या जावेनं मागच्या वर्षी इथंच लिहिलं होतं, ते मी खोडलं. बाळासाठी घ्यायची तं रात्रभर भिजव, पाणी फेक, चांगली चोळून धू, अन् डॉक्टरले विचारून दे. अर्पिता, डाळ भरडणारी."

मान खाली घालून 'पाठवा' दाबलं. मग गच्चीवर जाऊन उभी राह्यली, ऊन डोक्यावर असताना.

नागपूरवाल्याचा फोन दुसऱ्या सकाळी आला. "मॅडम, हे काय लिहून बसला तुम्ही? असं चालत नाही." मी म्हटलं, नाही चालत तं नाही.  ह्यांनी सगळं ऐकलं होतं. मले वाटलं आता बोलतील. ते म्हणाले, "प्रफुल्लचं नाव नाही लिहिलं तू, दीर लिहिलं. नाव लिहायचं असते." अन् वावरात निघून गेले. आई रात्री जात्यावर माझ्यासमोर बसली.

आता तुले वाटन, ताई सुधारली, आता सगळं गोड होणार. थांब. त्या नाशिकच्या पोरीनं उत्तर काय लिहिलं ते वाच. "ताई, खरं सांगितल्याबद्दल खूप आभार. तुमचा राग नका मानू, पण बाळाचं आहे, म्हणून मी पायलताईंकडूनच मागवते. त्या पहिल्यापासून खरं बोलतात." खाली लोकायचे बदाम. "बरोबर आहे." "पायलताई बेस्ट."

पायल, मी आयुष्यात पह्यल्यांदा गिऱ्हाईकासमोर खरं बोलली, अन् त्याचं गिऱ्हाईक तुले भेटलं! मी तो फोन गच्चीवरून फेकणार होती. खरंच फेकणार होती, आईनं हात धरला.

अन् आता ती पोरगी तुझ्याकडं डाळ मागवन. तू कुठून देशील? याच पोत्यातून. याच वावराची, याच जात्याची, माझ्याच हातची. म्हणून यात एक लहान पिशवी वेगळी ठेवली हाय, वर लाल दोरा बांधला हाय. ती त्या बाळाची. वावराच्या त्या काठाची तूर हाय, जिथं कपाशी नव्हती, तीळ होते, तिथं फवारा कमी गेला. ती वेगळी भरडली, चाळली, एकेक दाणा पाहून निवडली. एक खडा सापडला तं माझं नाव बदल. ती तिले पाठव. तुझ्याच पिशवीत घाल, तुझाच फोटो चिकटव. बाळाच्या पोटात चांगलं जावं, एवढंच. माझं नाव सांगायची काही गरज नाही. आता ते मागणं मी सोडलं, मन मोठं करते.

वर जे लिहिलं ते परत वाचलं. नाही पायल. माझं मन एवढं मोठं नाही. तिले सांग. आता पानावर लपवण्यासारखं काही राह्यलं नाही, खोडलेलंही मीच सांगून टाकलं, आता तुले कोणती अडचण हाय? नऊवारी सोड, शेजारणीचं जातं सोड, कॅमेऱ्यात सरळ पाह्य अन् सांग, की ही डाळ अर्पितानं भरडली.

तुझी,
अर्पिताताई